गाडीत फोन लागतो, पण आपला आवाज जात नाही? टेप बदलण्याआधी माइकची वायर तपासा

चाकूर : समोरच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून खणखणीत येतो, पण आपलं बोलणं त्याला ऐकू जात नाही. दोन-तीनदा 'हॅलो, हॅलो' केलं की माणूस वैतागून फोन हातात घेतो, अन् धोका तिथंच सुरू होतो. चाकूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर ट्रक, बस, ट्रॅक्टर सगळंच धावतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना फोन हातात वापरणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १ ते ५ हजार रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अशा वेळी बरेच जण सरळ नवा टेप बसवतात. पण दोष अनेकदा साध्या वायरीत किंवा प्लगमध्ये असतो.

माइक चालतो कसा?
बहुतेक गाड्यांत माइक छताच्या दिव्याजवळ, बारीक जाळीमागं असतो. तिथून वायर खांबातून खाली टेपकडं येते. टेपच माइकला थोडा डीसी व्होल्टेज पुरवतो अन् आवाज त्याच वायरीतून परत येतो.

आधी बिनखर्चाची तपासणी
दुसरा फोन जोडून बघा. त्यावर आवाज गेला तर दोष गाडीत नाही, पहिल्या फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये आहे. जाळीत धूळ बसली असेल तर मऊ ब्रशनं झटका. नवीन टेप बसवल्यापासूनच त्रास असेल, तर माइकचा प्लग मागं लावायचा राहिला का ते बघा. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याजवळ उभी राहत असेल, तर उंदरानं वायर कुरतडली का तेही तपासा.

मग मल्टिमीटर
टेप चालू ठेवून माइकचा प्लग काढा अन् वायरीच्या दोन टोकांत डीसी व्होल्टेज मोजा. साधारण २ ते ५ व्होल्ट दिसतात. काही गाड्यांत जास्त असतात.

- व्होल्टेज आहे, पण माइक जोडल्यावर अजिबात उतरत नाही : माइक आतून तुटला.
- जोडताच शून्य होतं : माइक शॉर्ट.
- माइककडं शून्य, टेपमागं आहे : वायर मध्येच तुटली.
- दोन्हीकडं शून्य : वायर टेपपासून सोडवून टेपवरच मोजा. व्होल्टेज आलं तर वायर शॉर्ट. नाही आलं तर दोष टेपमध्ये.

गाडी हलली की आवाज तुटतो, तर प्लग ढिला. रेस दिल्यावर शिट्टीसारखा आवाज वाढतो, तर अर्थिंग किंवा वायरीवरची जाळी तपासा. नवा माइक जोडताना प्लस-मायनस उलटं झालं तर तो चालत नाही.

हे करू नका
बॅटरीचे १२ व्होल्ट माइकला थेट देऊ नका. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. खांबाचं कव्हर जाणकार मिस्त्रीकडूनच उघडा. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका.

दुरुस्ती होईपर्यंत फोन आला तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवून बोला. दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल, घरी सुखरूप पोचणं महत्त्वाचं.