सिमेंटचा कोटा आणि नागरिकांचा उद्वेग

राजकीय गैरव्यवहारांविषयी दादर-गिरगावच्या मध्यमवर्गात जो उद्वेग दिसतो, त्याचे एक मूळ 1981 च्या सिमेंट प्रकरणात सापडते. त्या काळी सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती, म्हणजेच तिचा भाव आणि वाटप सरकार ठरवीत असे. साहजिकच टंचाई पडली की परवान्याला मोल येई आणि तो देणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता एकवटे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी निगडित न्यासांना बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या दिल्या व त्या बदल्यात त्यांना सिमेंटचा वाढीव कोटा मिळाला, असा आरोप ऑगस्ट 1981 मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून केला. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि वाटप यांचा परस्परसंबंध मान्य केला, आणि अंतुले यांना पद सोडावे लागले.

फौजदारी खटल्याची वाट मात्र वेगळी ठरली. लोकसेवकावर खटला भरण्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, म्हणजे ‘मंजुरी’, लागते. पद सुटल्यावर ती लागते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1984 मध्ये ती आवश्यक नसल्याचा निर्णय झाला. तरीही 1988 मध्ये खटला कोणत्या न्यायालयात चालावा यावरच पुन्हा निवाडा द्यावा लागला, अखेरीस शिक्षा झाली नाही आणि अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले. आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानणे न्याय्यच आहे. परंतु निकालाला वर्षानुवर्षे लागली, की दोषी सुटला की निर्दोष भरडला गेला, हे नागरिकाला कळेनासे होते आणि ‘सगळे एकाच माळेचे मणी’ ही भावना बळावते.