पायरीच्या आधी घाट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या पक्षकाराला त्या पायरीच्या आधी आख्खा घाट चढावा लागतो. मलकापूर-मोताळ्याकडून यायचे तर राजूरचा, खामगावकडून यायचे तर बोथ्याचा. जुन्या कचेऱ्यांबद्दल लिहिताना कमानी आणि खांब मोजायची आपल्याकडे रीत आहे. जिल्हा न्यायालयाच्या बाबतीत मात्र जागेची निवड हेच पहिले स्थापत्य मानावे, असे माझे मत आहे. भिंती कशा उभारल्या यापेक्षा त्या कुठे उभारल्या, यावरून राज्यकर्त्याच्या मनातला न्याय अधिक कळतो.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. 1864 मध्ये पश्चिम वऱ्हाडातून मेहकरचा भाग वेगळा काढून नवा जिल्हा केला गेला आणि 1867 च्या सुमारास त्याला बुलढाण्याचे नाव मिळाले. त्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, तीही घाटाखालून, मलकापूर-नांदुऱ्यावरून. कापूस, अडत, सावकारी आणि त्यातून उपजणारे दिवाणी दावे या रुळांच्या बाजूने वाढले. कचेरी मात्र वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,190 फुटांवर, मलकापूर स्टेशनापासून 28 मैलांवर. वैशाखात खालचा पट्टा तव्यासारखा तापतो आणि वरची हवा साहेबाला मानवते, एवढे लक्षात घेतले की ही निवड कुणाच्या सोयीची होती, हे समजायला नकाशा लागत नाही.

यावर आक्षेप निघेल, आणि तो वजनदार आहे. त्या वेळी जिल्ह्यात चिखली, मेहकर आणि मलकापूर हे तीनच तालुके होते आणि बुलढाणा त्यांच्या साधारण मधोमध पडत होते. खामगाव तर अकोल्याकडेच होते, मग कापसाच्या पेठेचे गाऱ्हाणे बुलढाण्याच्या माथी का मारायचे? मुद्दा मान्य. पण 1905 च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्यात आले, जिल्हा थेट सातपुड्याच्या पायथ्याला भिडला आणि जुना मध्य मध्य राहिला नाही. ठाणे मात्र तिथेच राहिले. मूळ निवड भूगोलाची होती असे धरले, तरी ती टिकवणे ही सवयीची आणि सत्तेची गोष्ट होती.

शिवाय न्याय तिथे एकटा राहत नव्हता. वऱ्हाडात डेप्युटी कमिशनर महसूल गोळा करी आणि न्यायनिवाडाही करी. शेतसारा भरायला येणारा आणि फिर्याद घेऊन येणारा एकाच आवारात, एकाच व्हरांड्यात ताटकळत बसे, आणि खेड्यातल्या बोलण्यात दोन्हींना ‘कचेरी’च म्हणत. कार्यकारी आणि न्यायिक दंडाधिकारी देशभर नीट वेगळे झाले ते 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. त्याहून गंमत सार्वभौमत्वाची. कायदा इंग्रजांचा, न्यायासनावर इंग्रजांचा अंमलदार, पण कागदोपत्री मुलूख निजामाचा. 1936 च्या करारानंतरही निजाम ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’चा म्हणवला जात होता आणि युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ होता. अशा प्रदेशात कचेरीचे रूप साधे असणे मला स्वाभाविक वाटते. थाट अपिलाच्या दरबाराला, म्हणजे नागपूरला मिळाला. तिथल्या उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत हेन्री मेडने रचली. जिल्ह्याच्या वाट्याला आला व्हरांडा, आणि खरे तर न्यायालयाचा सर्वाधिक वापर होणारा भाग तोच. निकाल आत काही मिनिटांत लागतो, वाट बाहेर वर्षानुवर्षे पाहिली जाते.

आता खामगाव आणि मलकापुरातही अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बसतात, तेव्हा घाटाचे रडगाणे जुने झाले, असेही कुणी म्हणेल. बऱ्याच अंशी खरे आहे. न्याय शतकभर उशिरा का होईना, घाट उतरला. अपिलाचा पत्ता तर कितीदा बदलला: आधी हैदराबादच्या रेसिडेंटचा अंमल, 1903 नंतर नागपूरचे ज्युडिशियल कमिशनर, 1936 मध्ये नागपूर उच्च न्यायालय, 1956 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. पण ज्याचे काम जिल्ह्याच्या ठाण्यालाच अडले आहे, तो मोताळ्याचा शेतकरी आजही पुकाऱ्याच्या आत पोचायचे म्हणून सकाळच्या एसटीने राजूर घाट चढतो.