चाकांवरील घराचे सांधे

अमेरिकेंत असंख्य कुटुंबें सुटीच्या दिवसांत आपलें घरच बरोबर घेऊन प्रवासाला निघतात. निजावयाची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेलीं हीं घरें कांहीं स्वतःच्या यंत्रानें चालतात, तर कांहीं मोटारीमागें जोडून ओढलीं जातात. वॉली बायम या गृहस्थांनीं १९३६ सालीं तयार केलेली एअरस्ट्रीम क्लिपर ही अशा गाड्यांतील एक प्रसिद्ध गाडी; तिचें अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचें होतें. आजच्या पुष्कळशा गाड्यांत मात्र सांगाडा लांकडाचा, भिंती पातळ फायबरग्लासच्या आणि छप्पर रबराच्या अखंड चादरीनें मढविलेलें असतें. अशा गाडीला खरें भय पाण्याचें.

छपरावर हवेच्या झडपा, मोरीचा वायु बाहेर सोडणाऱ्या नळ्या, शिडीचे पाय असें कांहीं ना कांहीं बसविलेलें असतें, आणि त्या प्रत्येक ठिकाणीं छपराला भोंक पाडावें लागतें. त्याच्या कडेनें सीलंट नांवाचें लुकण भरतात. खिडकीची कांच बसवितांना सुतार लांबी भरतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, हें लुकण वाळल्यावरहि लवचिक राहावें लागतें. कां, तें एका हिशेबावरून ध्यानीं येईल. अ‍ॅल्युमिनियमची ९ मीटरची पट्टी उन्हांत ४० अंश सेंटिग्रेडनें अधिक तापली तर सुमारें ८ मिलिमीटर वाढते; तिच्याखालचें लांकूड त्या मानानें फारच थोडें वाढतें. रोजच्या या ओढाताणीनें, सूर्याच्या अतिनील किरणांनीं व रस्त्यावरील हादऱ्यांनीं लुकण ताठ होतें, त्याला भेगा पडतात, आणि केसाएवढ्या भेगेंतून शिरलेलें पाणी महिनोन्‌महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. भिंतीला फुगवटा आला किंवा छताला पिवळा डाग पडला म्हणजे मालक जागा होतो. तोंवर आंतलें लांकूड कुजून गेलेलें असतें, आणि दुरुस्तीचा खर्च पाहून पुष्कळांना गाडी मोडींत काढावी लागते.

आपल्याकडे मृगापूर्वीं कौलारू घरांची शाकारणी होते. तशीच या गाडीच्या सांध्यांची तपासणी वर्षांतून निदान दोनदां करावी. भेग दिसली कीं पुष्कळजण जुन्या थरावरच नवा थर चढवितात. हा आळस महागांत पडतो. सुटूं पाहणाऱ्या थराच्या आधारावर नवा थर टिकत नाहीं. दोन्ही मिळून सुटतात, आणि वरून सांधा मात्र नव्यासारखा दिसतो. म्हणून या कामाचा मोठा भाग जुनें काढण्यांतच जातो, आणि जावयास हवा.

कोरडा, निरभ्र दिवस पाहून, संध्याकाळपूर्वीं बुजवितां येईल तेवढाच भाग उघडावा. गरम हवेच्या यंत्रानें लुकण किंचित् मऊ करून प्लॅस्टिकच्या खरवडणीनें सोलावें. लोखंडी सुरीचें टोंक रबरांत केव्हां शिरतें हें कळतहि नाहीं. पेट्रोलियमपासून काढलेल्या द्रावकांनीं हें रबर फुगतें, म्हणून उरलेला अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या फडक्यानें पुसावा. सर्वांत त्रासदायक सिलिकोन. तें डोळ्यांना गेलेलें दिसलें तरी मागें एक अदृश्य, तेलकट थर राहतो, व त्यावर दुसरें लुकण धरत नाहीं. पूर्वींच्या मालकानें पांच मिनिटांत फासलेलें सिलिकोन काढण्यांत नव्या मालकाचा सबंध दिवस जातो.

सांधा मोकळा झाला कीं अंगठ्यानें लांकूड दाबून पाहावें. तें दबलें तर आधीं लांकूड बदलावें; ओल आंत कोंडल्यानें कुजणें थांबत नाहीं. लांकूड टणक असेल तर पट्टीखालीं ब्यूटिल रबराची चिकट फीत बसवून स्क्रू आळीपाळीनें, हळूहळू आवळावे, व दबून बाहेर आलेली फीत कापून घ्यावी. मग कडेनें व स्क्रूंच्या डोक्यांवर लुकण भरावें. सपाट छपरासाठीं आपोआप पसरणारें आणि उभ्या भिंतीसाठीं न ओघळणारें, असे त्याचे दोन प्रकार मिळतात. खिडकीच्या चौकटीच्या तळाशीं बारीक भोंकें दिसतात. तीं उत्साहाच्या भरांत बुजवूं नयेत. चौकटींत साचलेलें पाणी बाहेर जाण्याची ती वाट असते.

लुकण पुरतें सुकल्यावर बागेच्या नळीनें पाणी सोडून परीक्षा घ्यावी. खालून वर, एकेक सांधा घेत जावें. वरून एकदम पाणी सोडल्यास ओल नेमकी कोठून आली तें कळत नाहीं. आंत एकानें विजेरी घेऊन बसावें, आणि जेथें पहिला थेंब दिसेल तेथला सांधा पुन्हां उघडावा.