अकरावीचे विषय आणि डॉक्टरकीची वाट

वैद्यकीय प्रवेशाचा पहिला निर्णय दहावीच्या निकालानंतर, अकरावीचा प्रवेश घेतानाच करावा लागतो. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातील विद्यार्थीही मुंबई-पुण्याच्या मुलांसारखाच मोबाइलवरून अर्ज भरतो आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम देतो. अर्जात महाविद्यालय, शाखा आणि माध्यम निवडले जाते. विज्ञान शाखेत नेमके कोणते विषय घ्यायचे, हे मात्र प्रवेश पक्का करताना महाविद्यालयात ठरते. तिथे बहुतेकदा पाच मिनिटांत निर्णय होतो, आणि पुढच्या अनेक वर्षांची वाट त्या पाच मिनिटांवर अवलंबून राहते.

नियम काय मागतो

एमबीबीएसच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय असणे व त्यांत उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्हींची बेरीज खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के, तर मागास प्रवर्गांसाठी किमान ४० टक्के लागते. राज्य मंडळाच्या ३०० गुणांत हा हिशेब अनुक्रमे १५० आणि १२० गुणांचा होतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस) प्रवर्गाला ही सवलत नाही, त्यांना ५० टक्क्यांचीच अट आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हायला हवीत.

या अटीत गणित कुठेही नाही. इंग्रजीत फक्त उत्तीर्ण व्हायचे आहे, तिचे गुण त्या बेरजेत धरले जात नाहीत. दुसरी भाषा, भूगोल, माहिती तंत्रज्ञान यांचाही प्रवेशाच्या गुणवत्तेशी संबंध नाही. गुणवत्ता ठरते ती नीट या एकाच परीक्षेतून. ही परीक्षा पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली, मधल्या काळात न्यायालयीन वादात अडकली आणि २०१६ नंतर देशभर कायम झाली. परदेशात जाऊन एमबीबीएस करू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यालाही ती द्यावीच लागते.

नीट ७२० गुणांची असते. प्रश्न १८० आणि वेळ तीन तास. त्यांपैकी ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे, तर भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी ४५ प्रश्न, म्हणजे १८० गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो. दोघांचे एकूण गुण सारखे आले, तर जीवशास्त्रात जास्त गुण असलेला विद्यार्थी वरच्या क्रमांकावर जातो. निम्मी परीक्षा जीवशास्त्राची असल्यामुळे तो विषय कुठल्याही कारणाने सुटता कामा नये, हे विषयनिवडीचे पहिले सूत्र आहे.

सहा विषयांची मांडणी

राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत साधारणपणे सहा विषय घ्यावे लागतात. इंग्रजी सक्तीची. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू अशांपैकी एक, किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान. मग भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. सहाव्या जागी गणित घेतले की त्या गटाला पीसीएमबी म्हणतात. गणिताऐवजी भूगोल, मानसशास्त्र किंवा महाविद्यालयात शिकवला जाणारा दुसरा मान्य विषय घेतला की तो पीसीबी गट होतो. सहाव्या विषयाची खरी निवड महाविद्यालयात कोणते शिक्षक आहेत यावर ठरते. तालुक्याच्या ठिकाणी कला शाखा जोडून असेल तर भूगोल सहज मिळतो, मानसशास्त्र मिळेलच असे नाही.

याखेरीज द्विलक्षी अभ्यासक्रम आहेत. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, मत्स्यव्यवसाय असे विषय त्यात येतात. द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो. तो दुसऱ्या भाषेची जागा घेतो आणि आणखी एका विषयाचीही. त्यामुळे गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच हातात राहतो. ‘कॉम्प्युटर घेतला की पुढे नोकरी लवकर लागते’ अशा ऐकीव माहितीवर संगणकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलाच्या यादीतून जीवशास्त्र निघून जाते, आणि हे लक्षात येते तेव्हा अकरावीचे निम्मे वर्ष सरलेले असते. पीकशास्त्राचे नाव जीवशास्त्राच्या जवळचे वाटले, तरी वैद्यकीय प्रवेशासाठी ते जीवशास्त्राच्या जागी चालत नाही. द्विलक्षी घ्यायचेच असेल, तर सोबतचा विषय जीवशास्त्रच आहे याची खात्री प्रवेशाच्या दिवशीच करून घ्यावी.

बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक दार उघडले. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय म्हणून मान्य मंडळातून उत्तीर्ण केला, तर तो विद्यार्थी नीटसाठी पात्र ठरतो. अभियांत्रिकीकडे गेलेल्या आणि मन बदललेल्या मुलांना हा मोठाच आधार आहे. पण त्यात सहसा एक वर्ष जादा जाते, प्रात्यक्षिके वेगळी पूर्ण करावी लागतात, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर ते वर्ष महाग पडते.

गणित घ्यावे की सोडावे

सर्वांत जास्त घोळ होतो तो या प्रश्नावर. गणित घेतल्याने वैद्यकीय प्रवेशात एकही गुण वाढत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. नीटमध्ये अपेक्षित गुण पडले नाहीत, तर अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, संगणक किंवा मूलभूत विज्ञानाच्या वाटा खुल्या राहतात. पीसीएमबीचा विद्यार्थी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गणिताचा (पीसीएम) आणि जीवशास्त्राचा (पीसीबी) असे दोन्ही गट देऊ शकतो.

या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. गणिताला रोजचा तास-दीड तास सराव लागतो, आणि तो वेळ भौतिक-रसायनाच्या उदाहरणांतूनच काढावा लागतो. बारावीत गणितात नापास झाल्यास बारावीच नापास ठरते. मग पुरवणी परीक्षा द्यावी लागते आणि नीटचा निकाल हाताशी असूनही प्रवेश धोक्यात येतो. दहावीला बीजगणित आणि भूमिती दोन्ही आवडीने सोडवणाऱ्या, अभियांत्रिकीकडेही तितकाच ओढा असणाऱ्या मुलाने गणित जरूर घ्यावे. दहावीचे गणित पाठांतरावर आणि अंदाजावर निभावून नेले असेल, तर ते सोडलेले बरे.

पण गणित हा विषय सोडला म्हणून गणित सुटत नाही. नीटमध्ये मुलांचे गुण सर्वाधिक अडतात ते भौतिकशास्त्रात, आणि तिथे गणिताचे हत्यार लागतेच. साधे उदाहरण घ्यावे. ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावरून वस्तू घसरते, तिचे त्वरण किती? गुरुत्व त्वरण १० धरले, तर उत्तर १० गुणिले साइन ३०, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. साइन ३० म्हणजे अर्धा, हे दहावीच्या भूमितीतील त्रिकोणमितीतच शिकवलेले असते. ते लक्षात असलेला विद्यार्थी हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवतो, विसरलेला तिथेच अडकतो. रसायनशास्त्रातही तसेच. ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ३ येतो, पण त्यासाठी लॉगॅरिदमची ओळख हवी. बारावी बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येते, नीटमध्ये ते नेता येत नाही आणि कॅल्क्युलेटरही चालत नाही.

राज्य मंडळाने अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरे प्रकरणच गणितीय पद्धतींचे ठेवले आहे. सदिश, विकलन, संकलन यांची गरजेपुरती ओळख त्यात करून दिली आहे. गणित न घेणाऱ्या विद्यार्थ्याने हे प्रकरण अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत पक्के केले, तर पुढची दोन वर्षे बरीच सुसह्य होतात. वर्गात ते घाईत उरकले जाते, म्हणून गणिताच्या शिक्षकांकडे बसून ते समजून घेणे हिताचे.

माध्यमाचा प्रश्न

गेवराई तालुक्यातली पुष्कळ मुले जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी अनुदानित मराठी शाळांतून दहावी होतात. काही शाळांत सेमी-इंग्रजी असते, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अकरावी विज्ञानाची पुस्तके मात्र इंग्रजीत असतात. काल ज्याला तंतुकणिका म्हटले ते आज मायटोकॉन्ड्रिया, काल हरितलवक ते आज क्लोरोप्लास्ट. विषय समजलेला असूनही नावे अनोळखी असल्यामुळे हुशार मुले पहिल्या चाचणीत मागे पडतात आणि जीवशास्त्र आपल्याला झेपणार नाही असे ठरवून मोकळी होतात. अडचण नावांची असते आणि ती दोन-तीन महिन्यांत दूर होते. दहावीच्या विज्ञानाची इंग्रजी आवृत्ती सुट्टीत एकदा वाचून काढली, तर ही पायरी आधीच चढली जाते.

नीटची प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत मिळते. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते, नंतर बदलता येत नाही. मराठी निवडणाऱ्याला प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत दिसतात. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरला जातो. अकरावी-बारावी इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्याने मराठीच्या आधारासाठी ही सोय वापरायला हरकत नाही, पण संज्ञा इंग्रजीतूनच पक्क्या हव्यात.

दुसरी भाषा निवडताना गुण सहज मिळतील असा विषय घेण्याकडे कल असतो, आणि वेळ वाचवण्यासाठी तो रास्तही आहे. तरी मराठीचा विचार व्हावा. उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणाऱ्या डॉक्टरला रुग्णाची तक्रार मराठीतच ऐकायची आणि मराठीतच समजावून सांगायची आहे.

कुठे शिकायचे

विषयांबरोबर गावही निवडावे लागते. चांगली प्रयोगशाळा आणि शिक्षक असतील तर गेवराई किंवा तीसेक किलोमीटरवरचे बीड पुरते. अनेक कुटुंबे लातूरचा रस्ता धरतात, काही छत्रपती संभाजीनगरचा. राज्याबाहेर, राजस्थानातल्या कोटा शहरात शिकायला जाणाऱ्यांनी एक नियम विसरू नये. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. त्या ८५ टक्क्यांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. बारावीची परीक्षा राजस्थानातून दिली, की बहुतेक विद्यार्थ्यांचा हा हक्क जातो.

पूर्वी राज्यातल्या जागांत विभागनिहाय ७०:३० असे सूत्र होते, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांना. महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्यातील मुलांना ते जाचक वाटत होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. आता गेवराईच्या विद्यार्थ्याला जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून मुंबईपर्यंत सगळीकडे राज्याच्या गुणवत्तायादीनुसार संधी आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या आगेमागे आई-वडील कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बारावीची प्रात्यक्षिके आणि लेखी परीक्षा नेमकी याच काळात येतात. अकरावीचे प्रवेश मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीला, माणसे गावात असताना होतात. विषय, वसतिगृह आणि खर्च यांचा निर्णय घरातल्या सर्वांनी तेव्हाच बसून करावा. महाज्योती ही राज्य शासनाची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील दहावी उत्तीर्ण मुलांना नीटचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेटही. त्याचा अर्जही याच सुमारास भरायचा असतो. जात वैधता प्रमाणपत्राचे कामही अकरावीतच सुरू करावे, कारण प्रवेशाच्या वेळी ते हाती नसेल तर गुण असूनही जागा हुकते.

पीसीबी घेतल्यावर उघडणारी दारे

नीटच्या गुणांवर एमबीबीएसखेरीज दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि फिजिओथेरपी यांचे प्रवेश होतात. पशुवैद्यकीय पदवीचेही होतात, आणि परभणी व उदगीर येथे तशी महाविद्यालये आहेत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट चालतो. गणित नसले तरी यातले एकही दार बंद होत नाही, जीवशास्त्र नसले की बहुतेक बंद होतात.

म्हणून गेवराईच्या पालकांनी महाविद्यालयात जाण्याआधी घरीच एका कागदावर सहाही विषय लिहून काढावेत. जीवशास्त्र आहे ना, द्विलक्षी घेतल्याने ते गेले नाही ना, आणि गणित घेतले असेल तर ते मुलाच्या आवडीने घेतले आहे की नातेवाइकांच्या आग्रहाने, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. प्रवेशाच्या पावतीवर छापलेले विषय त्या कागदाशी पडताळून पाहावेत. चूक आढळली तर त्याच आठवड्यात महाविद्यालयाला लेखी अर्ज द्यावा, कारण विषय बदलणे अकरावीच्या सुरुवातीलाच सोपे असते.