‘क्लोज द लाईट’ कुठून आले?

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेची एक मुलगी मुलाखत देऊन आली आणि दोन दिवस कुणाशी बोललीच नाही. ऑफिसमधून शेवटी निघताना काय कराल, या प्रश्नाला तिने ‘आय विल क्लोज द लाईट’ असे उत्तर दिले आणि समोरचे दोघे हसले. हसणाऱ्यांच्या मानसिकतेवर कधीतरी वेगळे लिहूच. चूक कुठून आली, हे मात्र आम्ही सगळ्यांनी बसून शोधले.

आपण दार बंद करतो, दुकान बंद करतो आणि लाईटही बंदच करतो. इंग्रजीत ‘क्लोज’ दाराला, पुस्तकाला, डोळ्यांना. विजेच्या दिव्याला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. ‘टर्न आऊट’ही चालते. लावतानाही ‘ओपन’ नव्हे, ‘टर्न ऑन’.

ज्योत असेल तर क्रियापद बदलते. वंदनेसाठी लावलेली मेणबत्ती फुंकून विझवली तर ‘ब्लो आऊट’. चिमटीने, पाण्याने, कशीही विझवली तरी ‘पुट आऊट’. चुलीतली आग आणि विडीसुद्धा ‘पुट आऊट’च. ‘पुट आऊट द लाईट’ चूक नाही, पण आता जुन्या वळणाचे वाटते.

शब्दांच्या जागेकडेही लक्ष द्या. ‘टर्न ऑफ द लाईट’ आणि ‘टर्न द लाईट ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आले की ते मध्येच बसते : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हणता येत नाही. आमच्यातले निम्मे इथेच अडकले.

दिवा आपोआप विझला तर ‘गो आऊट’. लाईट गेली, ‘द लाईट्स वेन्ट आऊट’. निब्बाण या शब्दामागेही असे विझणेच आहे. मज्झिम निकायातील अग्गिवच्छगोत्त सुत्तात बुद्ध वच्छगोत्ताला विचारतात, विझलेली आग कोणत्या दिशेला गेली? ती कुठेच गेली नाही, इंधन संपले म्हणून विझली. हे इंग्रजीत सांगताना ‘पुट आऊट’ वापरले, तर नसलेला विझवणारा उभा राहतो. इथे ‘गो आऊट’च हवे.

‘गो ऑफ’ जरा जपून. दिवा ‘गो ऑफ’ झाला तर बंद होतो; अलार्म ‘गो ऑफ’ झाला तर वाजतो आणि बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला तर फुटतो. हे ऐकून ती मुलगी दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.