काडतुसावरचा आकडा

वावर गावाच्या एका पाड्यावर, ओसरीतल्या कणगीला टेकून बसलेल्या वृद्ध बाबांनी पत्र्याच्या डब्यातून चिंधीत गुंडाळलेली तीन रिकामी काडतुसे काढून माझ्यापुढे मांडली, तेव्हा ती कोठून आली हे विचारण्याचा आगाऊपणा मी केला नाही. जव्हार संस्थानाच्या अंमलात आपला आजा पाहुण्या साहेबलोकांसाठी रान उठवायला जात असे, एवढे त्यांनी आपण होऊन सांगितले, व तेवढे मला पुरे होते. दोन पुंगळ्या बारा बोअरच्या, जाड कागदाच्या, ओल लागून फुगलेल्या. तिसरी पितळेची, लांब, मानेशी निमुळती. ती अंगठ्याने पुशीत बाबा म्हणाले, "साहेब, औंदा डुकरांनी सगळी नाचणी पालथी केली. ही थ्री-नॉट-थ्री. हिचा बार निघाला की जनावर उडून पडायचं."

बुडावर पुसटसा ३१५ हा आकडा होता. पण बंदूक म्हटली की थ्री-नॉट-थ्री, ही समजूत एकट्या बाबांची नव्हे. शहरातल्या शिकारकथांच्या वाचकांतही ती तितकीच दृढ आहे. वस्तुतः .३०३ हे त्या काळी सरकारी फौजेचे काडतूस, आणि नेमक्या त्याच कारणाने सामान्य परवानेदाराला ते वर्ज्य. फौजेच्या कोठारातून चोरीस गेलेले काडतूस खाजगी बंदुकीत चालू नये, असा त्यामागचा हिशेब होता. याच भीतीपोटी १९०७ साली .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली, आणि वाघ-गव्यांच्या शिकारीला येणाऱ्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापे बाजारात आणली. म्हणजे ज्या आकड्यांभोवती शिकाऱ्यांच्या बैठकीत एवढे तेज फाकते, त्यांतले कित्येक जनावराच्या ताकदीवरून ठरलेले नसून सरकारी दप्तरातल्या हुकमावरून ठरले आहेत.

बरे, आकडा मापाशी तरी प्रामाणिक असावा, तर तेही नाही. तो इंचाचा अंश म्हणून लिहिला जातो, पण .३०३च्या गोळीचा व्यास .३११ इंच भरतो, आणि जिला .२७५ रिग्बी म्हणतात तिची गोळी .२८४ इंचांची, म्हणजे सात मिलिमीटर या नावाची, मापाने किंचित जास्तच. कोठे नळीच्या आट्यांमधील उंचवट्यांचे अंतर मोजले, कोठे खाचांमधील, कोठे कारखानदाराने आपल्या मर्जीने नाव ठेवले. तेव्हा आकडा जवळचा दिसतो म्हणून एका बंदुकीचे काडतूस दुसरीत बसवून पाहणे हे धाडस नव्हे. ते नळी डोळ्यांदेखत फोडून घेण्याचे साधन आहे. बारा बोअरचा हिशेब तर इंचाचा मुळीच नाही: एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एक जिच्यात जाते, ती बारा बोअरची नळी.

आता "उडून पडण्या"विषयी. सिनेमाने हा भ्रम इतका पोसला आहे की त्याच्यापुढे पदार्थविज्ञान हतबल होते. तरी सांगून पाहतो. शिकारीस सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ रायफलीची एकशेऐंशी ग्रेनची गोळी वजनाने पावणेबारा ग्रॅमच्या आत, म्हणजे एक तोळ्याएवढी, व नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. हा सगळा आवेग अडीचशे किलोच्या सांबरात जिरला, तरी त्या जनावराला सेकंदास चार सेंटिमीटरांहून अधिक गती मिळत नाही. गोळीने जनावर ढकलले जात असते, तर चाप ओढणारा माणूसही त्याच धक्क्याने मागे उडाला असता. जनावर मरते ते हृदय किंवा फुप्फुसे फाटून रक्त वाहून गेल्याने, अथवा मेंदू किंवा कणा भेदला गेल्याने. आणि हृदयाला नेमकी गोळी लागलेले सांबरही शंभर-दीडशे पावले भरधाव धावून मगच कोसळते. जागीच न पडलेले जनावर पाहून "नेम हुकला" म्हणत घरी परतलेल्या किती शिकाऱ्यांनी मेलेले सांबर करवीच्या झुडपांत तसेच सडू दिले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

यावरून मोठे काडतूस नेमाची चूक पोटात घालते, या समजुतीचाही निकाल लागतो. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी जी रायफल बक्षीस दिली, ती हीच सात मिलिमीटरची रिग्बी. आणि आफ्रिकेत हजारावर हत्ती मारणाऱ्या बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने त्यांतले बहुसंख्य याच बारीक मापाने मारले. अर्थात बेलचे उदाहरण देऊन बारीक काडतुसाचा पुरस्कार करणारे लोक हे विसरतात की हत्तीच्या कवटीत मेंदू कोठे असतो याचा त्याने शवच्छेद करून अभ्यास केला होता. सामान्य नेमबाजाने भेकरासाठी हलके, सांबर-रोह्यासाठी मध्यम आणि गव्यासाठी .३७५ किंवा त्यावरचे, जड गोळीचे काडतूस घ्यावे, हा जुना शिरस्ता शहाणपणाचाच होता. मात्र ज्याच्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटतात, ते काडतूस कागदावर कितीही समर्थ असले तरी त्या माणसाच्या हाती निकामी आहे.

आकड्याहून महत्त्वाची असते ती गोळीची घडण, आणि गैरसमजांचे रान इथे सर्वांत दाट आहे. गोळी म्हणजे शिशाचा गर व त्यावर तांबेमिश्रित धातूचे कवच. कवच टोकापर्यंत अखंड असले की गोळी हरणासारख्या मऊ अंगाच्या जनावरातून दाभणासारखी आरपार निघून जाते; भोक बारीक, रक्ताचा माग अपुरा, आणि जनावर कोठेतरी दोन दिवसांनी मरते. टोकाशी शिसे उघडे असले तर तीच गोळी आत शिरताच अळंब्याच्या छत्रीसारखी फुलते, रुंद जखम करते व बहुधा लवकर प्राण घेते. फुलणाऱ्या गोळ्या अमानुष म्हणून जगभर बंद आहेत, असे पुष्कळांना वाटते. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात घडलेल्या गोळीवरून हा वाद पेटला आणि १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने तिला बंदी झाली हे खरे. परंतु ती बंदी युद्धापुरती होती. उलट इंग्लंडच्या १९९१च्या हरणविषयक कायद्यात रायफलीने हरीण मारायचे तर गोळी फुलणारीच हवी असे बंधन आहे. अखंड कवचाची गोळी शोभते ती हत्तीसारख्या जाड हाडाच्या जनावराला, जिथे फुलण्यापेक्षा खोल जाणे अगत्याचे.

जव्हार-मोखाड्याच्या रानात आणखी एक गैरसमज विशेष घातक: जाड, संथ गोळी झुडपातून सरळ जाते. कोणतीच जात नाही. करवीची काठी असो वा बांबूची फांदी, फिरत जाणाऱ्या गोळीला ती कलती करते आणि पुढे तिचा भरवसा उरत नाही. वाट मोकळी मिळेतो थांबणे, नाहीतर न मारणे, याला पर्याय नाही. छऱ्यांविषयी तर एवढेच म्हणतो की एलजीचे, म्हणजे जाड मापाचे, मोजके छर्रे तीस-पस्तीस पावलांपलीकडे इतके पांगतात की रानडुक्कर बहुधा जखमी होऊनच सुटते. मग पानांवरचे रक्त वाचावे लागते: फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत, हिरवट व उग्र वासाचे असेल तर पोट, आणि शेवटल्या बाबतीत चार-सहा तास थांबल्याशिवाय माग काढू नये, कारण हुसकलेले जनावर मैलोगणती जाते.

हे सारे मी बाबांना सांगितले नाही. वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला १९९२च्या बालमृत्यूंमुळे कळले, आणि ज्या घरात वर्षाची नाचणी-वरई कणगीत येते की नाही यावर चूल अवलंबून आहे, तिथे शेत उकरणाऱ्या डुकरापुढे गोळीची घडण समजावणे मला प्रशस्त वाटले नाही. कायदा मात्र सांगणे भाग होते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, भेकर, गवा यांची शिकार गुन्हा आहे, आणि त्याच्या व्याख्येत फास लावणे, विष घालणे, इतकेच काय, रान उठवणेही येते. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे दरखास्त करावी, अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी हुकूम दिला तरच बार काढता येतो.

"मिळाला हुकूम, तर मटण?" बाबांनी विचारले.

तसे मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता होते, असे मी सांगितले. त्यांनी पुंगळ्या पुन्हा चिंधीत गुंडाळल्या, डब्याचे झाकण दोनदा ठोकून बसवले, आणि हसत म्हणाले, "म्हणजे नाचणी खाईपर्यंत ते कोणाचंच नाही, आन् मेलं की सरकारचं."