बिनसांध्याचे लाकूड

घराच्या त्रिमितीय आराखड्यातली सागवानी जमीन किंवा संगणकीय खेळातला जुना दरवाजा बहुधा एकाच लहान चौकोनी चित्रातून उभा केलेला असतो. या चित्राला टेक्सचर म्हणतात. ते फरशीसारखे शेजारी शेजारी मांडत नेले की हवा तेवढा पृष्ठभाग झाकता येतो. अट एवढीच, की उजवी कड डावीला आणि वरची कड खालचीला तंतोतंत मिळाली पाहिजे. ही गरज संगणकाच्या आधीची आहे. सनमायकावरचे लाकूड म्हणजे कागदावर छापलेले चित्रच, आणि छपाईचा रूळ गोल फिरत असल्याने नक्षीचा शेवट तिच्या आरंभाला जुळवावाच लागतो.

चित्र खरे वाटायला हवे तर रेघा कुठून येतात ते आधी ठाऊक हवे. सागाच्या खोडात दरवर्षी एका वलयाची भर पडते. हंगामाच्या सुरुवातीच्या लाकडात मोठी छिद्रे रांगेने येतात, नंतरचे लाकूड दाट असते. फळी कापल्यावर हीच छिद्रे बारीक, तुटक, काळपट रेघोट्या होऊन दिसतात. ओंडका गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरला तर रेघा सरळ आणि समांतर निघतात. बाजूने चिरला तर फळीच्या मध्यावर कमानीवर कमानी आणि कडांना सरळ रेघा. नवशिक्याच्या चित्रात या दोन्हींची सरमिसळ होते आणि सुताराच्या डोळ्याला ती लगेच खुपते.

फोटोशिवाय लाकूड बनवायचे तर गिम्प हे चित्र-संपादनाचे मोफत सॉफ्टवेअर पुरते. १०२४ × १०२४ पिक्सेलचे कोरे चित्र घेऊन त्यात ‘सॉलिड नॉइज’ हा फिल्टर चालवतात. त्यातला ‘टाइलेबल’ पर्याय निवडला की कडा आपोआप जुळतात. आडव्या दिशेचा आकडा मोठा आणि उभ्या दिशेचा सर्वांत लहान ठेवला की ढगांसारख्या ठिपक्यांऐवजी उभे पट्टे मिळतात. मग ‘ग्रेडियंट मॅप’ने करड्या छटांच्या जागी फिकट सोनेरीपासून गडद तपकिरीपर्यंतचे रंग बसवतात. छिद्रांच्या रेघोट्यांसाठी वेगळ्या थरावर बारीक ठिपके टाकून ते ‘मोशन ब्लर’ने रेघांच्या दिशेने ओढतात. इथे बरेच जण फसतात. धूसर करणाऱ्या फिल्टरला समोरच्या कडेची दखल नसते, त्यामुळे जुळलेल्या कडा पुन्हा तुटतात. उपाय जरा गावठी पण खात्रीचा: त्याच चित्राच्या नऊ प्रती तीन ओळींत मांडायच्या, फिल्टर सगळ्यांवर एकदम चालवायचा आणि मधली प्रत तेवढी कापून घ्यायची.

फोटोवरून काम करताना प्रकाश सगळीकडे सारखा हवा. ढगाळ दिवस उत्तम. कॅमेरा फळीला समांतर नसेल तर रेघा एका टोकाला जवळ येतात. चित्र तयार झाले की ‘ऑफसेट’ ही आज्ञा देऊन ते दोन्ही दिशांनी निम्म्याने, म्हणजे ५१२ पिक्सेल सरकवतात. बाहेर गेलेला भाग पलीकडून आत येतो आणि लपलेला सांधा मधोमध अधिक चिन्हासारखा उघडा पडतो. त्यातला उभा सांधा रेघांना समांतर असल्याने सोपा. रंगात थोडा फरक राहिला तरी तो आणखी एक वलय म्हणून खपतो. आडवा सांधा मात्र छळतो, कारण तिथे प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला मिळायला हवी. ‘क्लोन’ किंवा ‘हील’ साधनाने रेघांच्या दिशेनेच ठिगळ लावत जावे लागते. जमिनीसाठी याहून शहाणा मार्ग आहे. खऱ्या फळ्यांनाही टोके असतातच; फळ्यांच्या जोडांवर चित्राच्या कडा आणून ठेवल्या की लपवण्यासारखे फारसे उरत नाही.

सांधा गेला तरी पुनरावृत्ती राहते, आणि खरे तर तीच अधिक फसवी. एखादी देखणी गाठ चित्रात ठेवली तर मोठ्या जमिनीवर ती ठरावीक अंतराने डोकावत राहते. म्हणून अशा चित्रात लक्ष वेधणारे काहीच नसलेले बरे. गाठी, डाग, चिरा वेगळ्या थरात ठेवून विरळ वापराव्यात. रंगाच्या चित्रासोबत उंचसखलपणा आणि खरखरीतपणा सांगणारी करड्या छटांची चित्रेही जोडतात. त्यांच्यावाचून उत्तम रंगवलेले लाकूडही प्लास्टिकसारखे चमकते.

चित्राऐवजी गणितावर विसंबणारी वाटही आहे. ‘ट्रॉन’ (१९८२) या चित्रपटावर काम केल्यानंतर केन पर्लिन यांनी नैसर्गिक वाटणारी अनियमितता निर्माण करणारे गणिती फलन तयार केले आणि १९८५ मध्ये ते मांडले. त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. या पद्धतीत लाकूड म्हणजे एकात एक बसलेल्या दंडगोलांचा ठोकळा, याच फलनाने, म्हणजे पर्लिन नॉइजने, किंचित वेडावाकडा केलेला. टेबल, मूर्ती, दांडा, वस्तू कोणतीही असो, ती जणू त्या ठोकळ्यातून कोरली जाते. त्यामुळे टेबलाच्या पाटावर लांब रेघा आणि कापलेल्या टोकावर वलये आपोआप योग्य जागी उमटतात. सपाट चित्राला हे जमत नाही. फळीच्या टोकासाठी वलयांचे वेगळे टेक्सचर बनवावे लागते.